गडद लाल नऊ नंबर

जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांना एक खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. बाकी सगळे त्यांना रंगारी म्हणत.

तीन वर्षांतून एकदा रंगारी आपल्या टेबलावरचं सगळं उचलून खिडकीत ठेवत, शहराचा नकाशा पसरत आणि रंगीत पेन्सिलींना टोक काढायला बसत. शहराचे वॉर्ड चौदा, छटा पाच, फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत. रंग कशाचा, तर फुप्फुसाच्या कॅन्सरने कुठल्या वॉर्डात दर दहा हजार वस्तीमागे किती माणसं गेली त्याचा. एका वर्षाचे आकडे लहान मुलांसारखे उड्या मारतात, म्हणून तीन वर्षांचे एकत्र धरायचे. कुठे म्हातारी माणसं जास्त, कुठे कमी, म्हणून वयाचाही हिशेब लावायचा. मग रंग.

"काका, संगणक हे चार सेकंदांत करतो," समोरची आकडे भरणारी मुलगी दर वेळी सांगायची.

"म्हणूनच मी आधी हाताने करतो. ज्याला चार सेकंद लागतात, त्याला वाईट कधी वाटणार?"

तीस वर्षांपूर्वी त्यांनी रंगवलेला पहिला नकाशा पिकल्या टोमॅटोच्या चकतीसारखा होता. तेव्हा कचेरीत प्रत्येक टेबलावर राखदाणी असे आणि साहेबांच्या खोलीत धुरातून साहेब शोधावे लागत. मग राखदाण्या गेल्या, पुरुषांनी हळूहळू सिगरेटी सोडल्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी नकाशा फिका पडायला लागला. दोन-तीन वॉर्डांत मात्र बायकांचे आकडे चढत होते. त्या ओढायला उशिरा लागल्या होत्या, फळही उशिरा आलं. "हा आजार घाई करत नाही," रंगारी नातेवाइकांना समजावत. "आज ओढलेली सिगरेट वीस वर्षांनी पत्ता शोधत येते." परिणाम एवढाच झाला, की घरच्या कार्यात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. तिथे बसून खोकायची कुणाची छाती नव्हती.

रंगारी स्वतः राहत नऊ नंबर वॉर्डात. बागेजवळचं दुमजली घर, वरच्या दोन खोल्या गेलं वर्षभर रिकाम्या. त्या आता भरणार होत्या. लेक पुन्हा कामावर रुजू झाली होती, नात दीड वर्षांची. ठरलं असं, की लेक, जावई आणि नात वर राहायला येतील आणि दिवसा नातीला आजी सांभाळेल. आजीने, म्हणजे रंगाऱ्यांच्या बायकोने, खोल्यांना रंग देऊन घेतला, पडदे शिवले आणि नात गडगडू नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवून घेतलं. त्या फाटकात पहिला अडकला रंगाऱ्यांचा सदरा. येत्या रविवारी सामान येणार होतं. लेकीने फक्त तिच्या घरमालकाला शनिवारपर्यंत नक्की काय ते कळवायचं होतं.

मंगळवारी रंगारी नकाशा रंगवताना नऊ नंबरवर आले. यादीत आकडा होता एकतीस.

त्यांनी चष्मा पुसला. आकडा एकतीसच राहिला. मागच्या तीन वर्षांत नऊ होता. वस्ती तेवढीच, अकरा हजारांच्या आसपास. त्यांनी तीनदा हिशेब केला आणि तिन्ही वेळा हात गडद लाल पेन्सिलीवर गेला. ओतकाम कारखान्याचा चार नंबर वॉर्ड, जो तीस वर्षं पहिला नंबर सोडायला तयार नव्हता, तो यंदा चक्क नारिंगीवर उतरला होता, आणि मान मिळाला होता रंगाऱ्यांच्या गल्लीला.

घरी येताना रस्ता तोच होता, पण रंगाऱ्यांचे डोळे पोलिसाचे झाले होते. कोपऱ्यावरचं कपडे धुण्याचं दुकान, काय काय वापरतात कोण जाणे. ट्रकवाल्यांचा थांबा. पाण्याची जुनी टाकी. रंगाच्या नव्या दुकानासमोर तर ते उभे राहून वास घेऊ लागले. शेवटी दुकानदार बाहेर आला.

"काका, कुठला रंग देऊ?"

"लाल सोडून कुठलाही," म्हणाले आणि चालू पडले.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. आकडे अजून कचेरीच्या प्रमुख मॅडमनी पाहिलेले नव्हते, जाहीर व्हायचे होते, लेकीला घाबरवून सोडायचं नव्हतं. शिवाय खोटं बोलायचा सराव नव्हता.

"हे बघ, रविवारी येऊ नकोस."

"का हो बाबा?"

"जिना फार उंच आहे."

"त्याच जिन्यावर मी लहानाची मोठी झाले."

"आणि ओल आहे. भिंतींना."

"आई म्हणाली, कालच रंग वाळला."

रंगारी घायकुतीला आले. तोंडाला येईल ते बोलून गेले. "खरं म्हणजे आम्हाला आता लहान मुलाची सवय राहिली नाही गं. रडणं, पसारा... आमचं वय झालं."

पलीकडे नात कुठलंसं भांडं वाजवत होती, ते थांबलं.

"बरं," लेक म्हणाली.

बत्तीस वर्षं माणसांच्या मरणाचे कागद हाताळलेल्या रंगाऱ्यांना एवढं थंडगार अक्षर कधी हाताला लागलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी चहाचा कप समोर आला, पण बायकोचा हात त्यावरून निघेना.

"लेकीचा फोन आला होता. रडत होती. आपल्याला लहान मुलांची सवय राहिली नाही म्हणे? अहो, तिच्या बाहुलीला झोपवायला दोन खोल्यांतले दिवे मालवणारे तुम्ही! काय झालंय ते सांगा, नाहीतर हा चहा मी झाडाला घालते."

रंगाऱ्यांनी सांगितलं. नऊ होते, एकतीस झाले. हवेत काहीतरी आहे. आपण दोघं पिकलेली पानं, आपलं काय, पण त्या पोरीची फुप्फुसं अजून मुठीएवढी आहेत.

बायको ऐकत राहिली. मग तिने कप त्यांच्याकडे सरकवला.

"मला एक सांगा. हा आजार वीस वर्षं घेतो, हे कोण सांगतं?"

"मी."

"सगळ्या गोतावळ्याला सांगता. माझ्या भावाला तर त्याच्या वाढदिवशी सांगितलंत. मग नवाचे एकतीस तीन वर्षांत कसे झाले? वीस वर्षांपूर्वी या गल्लीत काय स्फोट झाला होता? मी इथेच होते. मला तर काही ऐकू आलं नाही."

दुसऱ्या वॉर्डाचा आकडा असा उडाला असता, तर पहिली शंका रंगाऱ्यांनी कागदावर घेतली असती. स्वतःच्या घराचा आला, आणि ते पाण्याच्या टाकीवर संशय घेत फिरत बसले. चहा तसाच टाकून ते निघाले. तो शेवटी झाडालाच गेला.

गेली अडीच वर्षं फॉर्मवरचे आकडे थेट संगणकात भरले जात आणि रंगाऱ्यांच्या हाती फक्त यादी येई. कागद तळघरातल्या दप्तरखान्यात जात. तिथे जाऊन त्यांनी ते एकतीस फॉर्म शोधून काढले आणि लांब बाकावर ओळीने मांडले. पाचव्या फॉर्मवर त्यांचं बोट थांबलं.

फॉर्मवर पत्त्याचे रकाने दोन. पहिला, मृत्यू कुठे झाला. दुसरा, मयत व्यक्ती कायम कुठे राहत होती. वॉर्डाचा हिशेब दुसऱ्यावरून होतो. या फॉर्मवर दोन्ही रकान्यांत एकच जांभळा रबरी शिक्का होता, बागेमागच्या शुश्रूषागृहाचा. सहाव्यावर तोच. सातव्यावर तोच, जरा तिरका. एकतीसपैकी तेवीस फॉर्मवर जांभळे शिक्के जोडीने बसले होते.

जुन्या शाळेच्या इमारतीत साडेतीन वर्षांपूर्वी हे शुश्रूषागृह निघालं होतं. ज्यांच्यावर इलाज संपलेत, अशी माणसं सगळ्या शहरातून तिथे शेवटचे दिवस काढायला येत. रंगारी त्याच्यावरून रोज जात-येत होते.

अर्ध्या तासात ते शुश्रूषागृहाच्या खिडकीसमोर उभे होते. आत नोंदी ठेवणाऱ्या ताई बसल्या होत्या. रंगाऱ्यांनी आपण कुठून आलो ते सांगितलं.

"म्हणजे फॉर्म परत पाठवणारे ते तुम्हीच का?" ताईंनी विचारलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'एकही रकाना रिकामा चालणार नाही.' अक्षर रंगाऱ्यांचं होतं.

"पहिल्या वर्षी तीनदा परत आले," ताई म्हणाल्या. "अहो, माणूस गेल्यावर घरचे रडत असतात. त्या वेळी कायमचा पत्ता विचारायचा कसा? मी तो रकाना सोडून द्यायची. तुम्ही पाठवायचा परत. मग मी सरळ आमचा शिक्का मारायला लागले. त्यानंतर एकही फॉर्म परत आला नाही बघा! आणि खोटं काय त्यात? राहतच होते ना इथे, महिना-दीड महिना का होईना."

रंगारी तिथल्या बाकावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग बाक. ताईंना वाटलं माणूस कोसळला, त्या पाणी घेऊन धावल्या. रंगारी हसत होते आणि डोळे पुसत होते.

"ताई, तुमची काही चूक नाही. माझी चिठ्ठी काढा आधी. पत्ता घरचे भरती करायला येतात तेव्हाच विचारून ठेवत जा. आणि कळला नाहीच, तर खुशाल रिकामा सोडा. रिकाम्या रकान्याने कुणाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, असं होत नाही."

भरतीच्या वहीत घरचे पत्ते होते. रंगाऱ्यांनी तेवीसच्या तेवीस उतरवून घेतले. नऊ नंबरचे त्यांत दोघेच. एक अनोळखी आणि दुसरा त्यांचे केस कापणारा न्हावी, ज्याच्या अंत्ययात्रेला ते स्वतः गेले होते. बाकीचे आठ आणि हे दोन, मिळून दहा. नवाचे दहा.

त्यांनी बागेच्या कठड्याला टेकून लेकीला फोन लावला.

"बाबा, मी कामात आहे." आवाज अजून कालचाच होता.

"ये. रविवारी ये."

"जिना उंच होता ना?"

"बसका झाला."

"आणि ओल?"

"वाळली."

"बाबा. खरं सांगा."

मग त्यांनी खरं सांगितलं, शिक्क्यासकट. लेक ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोन दिवस माझ्या पोरीच्या फुप्फुसांची काळजी करत होतात, आणि मला वाटलं आम्ही तुम्हाला नकोसे झालो?"

"हो."

"पुढच्या वेळी काळजी वाटली तर काळजीच सांगत जा. खोटं बोलायला जाऊ नका. तुम्हाला जमत नाही, आणि ऐकणाऱ्याला फार लागतं." तिने नाक ओढलं. "घरमालकाला मी काही बोलले नव्हते. म्हटलं, बाबांचं डोकं शनिवारपर्यंत येईल ठिकाणावर."

"गुरुवारीच आलं," रंगारी म्हणाले. कठड्याजवळ त्यांनी असा काही दीर्घ श्वास घेतला, की बाकावरचे दोन म्हातारे वळून पाहायला लागले.

उरलेल्या एकवीस नावांची यादी मात्र खिशात होती, आणि ती हलकी नव्हती. दोघं शहराबाहेरचे. आठ जण इकडेतिकडे विखुरलेले. आणि अकरा एकट्या चार नंबरचे, ओतकाम कारखान्यामागच्या तीन गल्ल्यांतले.

शुक्रवारी त्यांनी ते मॅडमसमोर ठेवलं. यादी आदल्या दिवशीच मॅडमकडे गेली होती, आणि त्यांच्या अहवालाचं पहिलंच वाक्य होतं, की चार नंबर वॉर्डात लक्षणीय सुधारणा झाली आहे.

"म्हणजे सुधारणा झाली नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. तिथली माणसं मरायला आमच्याकडे आली होती."

मॅडम यादी वाचत राहिल्या. "आणि तपासणीची गाडी मी नऊ नंबरला पाठवणार होते. छातीचे फोटो काढायला."

"आमच्याकडून वळवा. तिला चार नंबरलाच जाऊ दे."

"तुमचा स्वतःचा वॉर्ड आहे, रंगारी. गाडी दारात येत असताना नको म्हणता?"

"माझा जीव भांड्यात पडला ना, मॅडम, तो त्या अकरा जणांच्या जिवावर. आकडा माझ्या घरावरून उतरला, पण तो हवेत नाही विरला. ज्यांचा होता त्यांच्या दारात गेला. निदान मागोमाग गाडी तरी जाऊ दे."

मॅडमनी ते पहिलं वाक्य खोडलं. रंगाऱ्यांनी नवा कागद घेतला आणि चौदा वॉर्ड पहिल्यापासून रंगवले. नऊ नंबर फिकट नारिंगी झाला. चार नंबर रंगवताना त्यांनी सावकाश, कडेपर्यंत लाल भरलं.

रविवारी सामानाचा टेम्पो आला. नात फाटकाला धरून उभी राहिली आणि ते उघडायचं कसं, हे तिने आजीच्या आधी शोधून काढलं. पलंग वर न्यायला एका टोकाला रंगारी, दुसऱ्या टोकाला जावई. जावयाला सिगरेटची सवय होती. सासऱ्यांना ती माहीत नाही, असं सगळे धरून चालत, सासऱ्यांसकट. जिन्याच्या वळणावर जावयाला धाप लागली आणि पलंग मध्येच थांबला.

"दमलात?" रंगाऱ्यांनी विचारलं.

"नाही, नाही. जरा..."

"त्याने सोडलीय, बाबा," खालून लेक ओरडली. "काल सांगितलं मी त्याला सगळं. पण त्याच्याही आधीची सोडलीय. अकरा दिवस झाले."

"बारा," जावई धापा टाकत म्हणाला. मग सासऱ्यांकडे पाहून, जरा अपराधी चेहऱ्याने, "म्हणजे, आजची सकाळ धरली तर."

रंगाऱ्यांनी पलंग गुडघ्यावर पेलला आणि बत्तीस वर्षांच्या अनुभवाने क्षणभर विचार केला.

"सकाळ धरायची," ते म्हणाले. "उचला."