बैलाच्या पसंतीची पिकअप

माझं लग्न ठरताना गोठ्यातल्या बैलाचं मत कुणी विचारलं नव्हतं, हे मी माझं नशीबच समजते. पिकअप घेताना मात्र विचारलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बसणार तो. मंग पसंत बी त्यानंच करायची." माझा धाकटा भाऊ हसला. मी हसले नाही, कारण चेष्टा करताना अण्णा डोळे मिचकावतात आणि तेव्हा ते मिचकावत नव्हते.

माझं माहेर मोशीचं. आमची जमीन होती तिथे आता सोसायट्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर आमचं घर, पुढे पेव्हर ब्लॉकचं अंगण आणि अंगणाच्या कडेला पंखा लावलेला गोठा. होय, पंखा. अण्णांच्या मते बैलाला माणसापेक्षा जास्त उकडतं. गोठ्यात बैल एकच, पण शर्यतीचा. घाटात, म्हणजे यात्रेत गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, गाड्याला चार बैल जुंपतात, त्यातला एक आमचा आणि तीन अण्णांच्या मित्रांचे, अशी भागीदारी. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटते आणि काही सेकंदांत संपते. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर दूध, अंडी आणि उडदाची डाळ बैलाच्या पोटात जाते, आणि आई वर्षभर त्यावर बोलत असते.

पूर्वी बैल घाटात न्यायचा तर भाड्याचा टेम्पो शेताच्या बांधाला उलटा लावायचा. बांध आणि टेम्पोचा फाळका एका उंचीला येत, आणि बैल घरात शिरावा तसा आत शिरायचा. शेवटच्या जमिनीबरोबर बांधही गेला. तिथे आता पार्किंग आहे, आणि पार्किंगला उंचवटा कुणी ठेवत नाही. मग बैल टेम्पोत चढवायला आमच्याकडे उतरती फळी आली. गेल्या हंगामात ती फळी सटकली आणि बैल पुढच्या गुडघ्यांवर आला. फार लागलं नाही, पण तेव्हापासून फळी दिसली की तो चारी पाय फाकवून उभा राहतो. गूळ झाला, पेंड झाली, भावाच्या ठेवणीतल्या शिव्या झाल्या. बैल जागचा हलला नाही.

बैल जाईना म्हणून अण्णाही घाटात जाईनात. मित्रांचे फोन आले की "बघू" म्हणत. यात्रेच्या दिवशी मोबाइलवर घाटाचं लाइव्ह मोठ्या आवाजात लावून ओट्यावर बसत आणि निवेदकाच्या चुका काढत. मला ते बघवायचं नाही. मी संत तुकाराम नगरला राहते, स्कूटरवर दर रविवारी माहेरी येते, आणि दर रविवारी ते थोडे आणखी गप्प झालेले दिसत. एकदा आईने मला नि भावाला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "माणूस घरात असून नसल्यागत झालाय," ती म्हणाली. "काय बी करा, पण यंदा यास्नी घाटात न्या."

भावाची नोकरी चाकणला, गाड्यांच्या कारखान्यात. नव्या कोऱ्या गाड्या पोटात घेऊन जाणारे लांबलचक ट्रेलर तो रोज गेटवर बघतो. त्यावरून त्याच्या डोक्यात किडा वळवळला. पिकअपच्या हौद्यात एक गोल, ग्रीस लावलेली लोखंडी थाळी बसवायची. ट्रेलरची मान वरून येऊन त्या थाळीवर टेकते, तिथेच अडकते आणि तिथेच फिरते. बाकीचा ट्रेलर मागे जमिनीलगत. म्हणजे बैलाला चढायचं नाही, नुसतं चालत आत जायचं. या थाळीला फिफ्थ व्हील म्हणतात, असं त्याने आईला समजावलं.

"पाचवं चाक कशाला?" आई म्हणाली. "चार पुरत न्हाईत व्हय?"

चिखलीतला एक ओळखीचा ट्रेलर बांधणारा कागदपत्रांसकट करून द्यायला तयार झाला. त्याचं म्हणणं एवढंच की ओढणारी गाडी आधी ठरवा, तिच्या उंचीवर ट्रेलरची मान ठरते. मग भावाने मला मध्ये घेतलं. मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आयुष्यभर मी मुख्यतः रबरी वॉशर विकत घेतले आहेत. वॉशर घेणारीला पिकअपही घेता येईल, असा त्याचा हिशेब.

सल्ला मागायला आम्ही कुठे गेलो नाही, सल्लाच घरी आला. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हीच पंचाईत आहे. प्रत्येक घरात एकतरी माणूस गाडीचा कुठला ना कुठला तुकडा बनवतो आणि त्या तुकड्यावरून अख्खी गाडी पारखतो. दरवाजाची कुलपं बनवणारे मामा म्हणाले, कुलूप बघा. सीट शिवणारा शेजारी म्हणाला, शिलाई बघा. वायपरच्या कारखान्यात असलेला चुलतभाऊ तर इतका वेळ वायपरवर बोलला की मला वाटलं आता बैलालाच वायपर बसवतोय. ओढायची ताकद किती हे कुणीच विचारलं नाही. ते भावाने पाठ केलं होतं आणि झोपेतही सांगितलं असतं.

ताकदवान गाडी शोधता शोधता एक गोष्ट लगेच कळली. जी ट्रेलर ओढू शकेल ती उंच, आणि जी बुटकी ती भरल्या ट्रेलरपुढे मान टाकणारी. भावाला एक डबल केबिनची थोराड पिकअप आवडली. अण्णा म्हणाले, "बैलाला दावू."

शोरूम हायवेला, घरापासून फार लांब नाही. सर्व्हिस रोडने आमची वरात निघाली. पुढे अण्णा, मागे बैल, त्यामागे भाऊ, आणि सगळ्यात शेवटी स्कूटरवर मी, ओळख नसल्यासारखी. वॉचमनने विचारलं, "टेस्ट ड्राइव्ह कुणाची?" अण्णांनी बैलाकडे बोट केलं. टाय लावलेला सेल्समन धावत बाहेर आला. पोरगा लातूरकडचा, बैल बघून घाबरायच्या ऐवजी खूश झाला. तीन गाड्या त्याने शोरूमच्या अंगणात ओळीने लावून दिल्या.

बैलाने पहिली हुंगली. दुसरीचं बॉनेट चाटलं. तिसरी म्हणजे भावाची लाडकी. तिच्यासमोर उभा राहून त्याने शांतपणे शेण टाकलं.

"काका, पसंत पडली म्हणायची का?" सेल्समनने विचारलं.

"सांगता येत न्हाई," अण्णा म्हणाले. "नापसंतीत बी त्यो हेच करतो."

तिथून पुढे अण्णांच्या खोट काढण्याला ऊत आला. हिचा हॉर्न शेळीसारखा. ती पांढरी नको, बैल पांढरा, गाडी पांढरी, कोण कुणाला नेतंय कळायचं न्हाई. तिसरीचे आरसे भोकरासारखे. प्रत्येक रविवारी एक नवी खोट. दरवाजा उघडून आत बघायचे, टायरला लाथ मारून बघायचे, पण बसायचे मात्र नाहीत. सेल्समन गयावया करायचा, "काका, बसून तर बघा की, एसी चालूच ठेवलाव." अण्णांचं उत्तर एकच, "बसायचंय बैलाला." मनात नक्की काय आहे, ताकास तूर लागू देईनात.

भाऊ पार वैतागला. "ताई, यांना जायचंच न्हाई," तो मला म्हणाला. "बैलाचं नुसतं निमित्त हाय. आपण उगा गाढवपणा करतोय." यात्रांचा हंगाम तोंडावर आला होता आणि चिखलीवाला रोज फोन करत होता. मलाही अण्णांचा भयंकर राग यायला लागला होता. राग लवकर येणं हा गुण मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

मग एका रविवारी, भाऊ आणि सेल्समन आत चहा पीत असताना, मी बाहेर बैलाचा कासरा धरून उभी होते. अण्णा त्या थोराड पिकअपच्या पलीकडे गेले. त्यांना वाटलं, आपण कुणाला दिसत नाही. पण शेजारच्या गाडीच्या चकचकीत पत्र्यात मला सगळं दिसत होतं. त्यांनी दरवाजा उघडला, सीटला धरलं आणि उजवा पाय उचलला. पाय निम्म्यावर आला आणि खाली गेला. मग डावा. तोही गेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपली मांडी धरून पाय उचलून ठेवायचा प्रयत्न केला. तेही जमलं नाही. मग रुमाल काढून दरवाजाची मूठ पुसली आणि फिरून माझ्याकडे आले.

"दरवाजा जड हाय हिचा," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले, "जडच वाटतोय."

हाच माणूस एके काळी पळत्या गाड्यावरून उडी मारून उतरायचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर ऑफिसातल्या कामचुकारांसाठी वापरली. त्या दिवशी ती माझ्या वडिलांसाठी तोंडात आली आणि मला रडू फुटलं. बैलाच्या मानेआड तोंड लपवून मी ते उरकून घेतलं. बैलाने माझी ओढणी चघळली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. "मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "जिना उतरताना भिंत धरत्यात. म्या बघितलं तर म्हणत्यात, ओल आलीय का बघत हुतो. अख्ख्या घराची ओल तपासून झाली त्यांची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले तर जन्मात गाडीत बसायचे न्हाईत. तुझा बाप हाय त्यो, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. त्यांना कुणी हात दिला तर ते त्या हाताकडे असं बघतात की देणाऱ्याने तो खिशात घालावा. मीही तिच्याशेजारी बसून मटार सोलायला घेतले.

पुढच्या रविवारी आई नवी साडी नेसून तयार. "मी बी येणार गाडी बघायला." शोरूममध्ये ती तडक त्या थोराड पिकअपपाशी गेली, निऱ्या जरा उचलल्या, पाय अर्धा वर केला आणि अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं आई गं! एवढं उंच कोण चढंल? मला न्हाई जमायचं बाई."

"तुला कशाला चढायचंय?" अण्णा म्हणाले.

"यंदा मी बी येणार घाटात."

लग्न झाल्यापासून आई एकदाही घाटात गेलेली नाही. देवाला जाईल, लग्नाला जाईल, पण घाटाचं नाव काढलं की तिचं डोकं दुखतं. भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. अण्णाही बघत राहिले, बराच वेळ. त्यांना कळलं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. मग ते सेल्समनकडे वळले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हिला पायरी लागंल. दोन टप्प्यांची. आन् वर धरायला कडी."

"केवढी उंच ठेवायची काका?"

"पहिली इथवर," अण्णा म्हणाले आणि हाताने माप दाखवलं. माप आईचं होतं, पण हात त्यांनी स्वतःच्या नडगीपाशी धरला होता.

त्या दिवशी गाडी ठरली. हॉर्न सुधारला, आरसे चांगले दिसायला लागले, दरवाजा हलका झाला. चिखलीत ट्रेलर झाला आणि त्याच माणसाने पायरीही करून दिली. ट्रेलर अंगणात लागला तेव्हा बैलाने तळाला पाय लावून पाहिला, आणखी एक लावला आणि गोठ्यात शिरावा तसा आत शिरला. भाऊ नाचायचा तेवढा बाकी राहिला. अण्णा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला पायरीच दाखवत. "मंडळींसाठी बसवली. तिला चढवत न्हाई आता." आई ओट्यावरून मान डोलवायची, वर कण्हायचीसुद्धा, "व्हय बाई, गुडघे गेले माझे." हीच आई उन्हाळ्यात पापड वाळत घालायला दिवसातून चार-चारदा गच्चीवर जाते.

पहिल्या यात्रेची सकाळ उजाडली. बैल ट्रेलरमध्ये, भाऊ स्टिअरिंगला. अण्णांनी टोपी नीट केली आणि आईला म्हणाले, "आधी मी दावतो कशी चढायची. नीट बघ." कडी धरली. एक पायरी. थांबले. दम घेतला. दुसरी. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ लागला. भावाने आरसा पुसायला घेतला आणि मी बैलाचा कासरा सोडून पुन्हा बांधला, म्हणजे आमची नजर तिकडे जायला नको. फक्त आई त्यांच्याकडे सरळ बघत उभी होती. तिला शिकायचं होतं ना.

मग आतून त्यांनी हात पुढे केला. आईने तो धरला आणि प्रत्येक पायरीला कण्हत हळूहळू वर गेली.

आजही प्रत्येक घाटाला हे असंच चालतं. लाउडस्पीकरमुळे आई दिवसभर कानात कापूस घालून गाडीत बसते, आणि बारी सुटली की कोण जिंकलं ते तिला घरी आल्यावर सांगावं लागतं. यंदा तिने एकही घाट चुकवलेला नाही.