माझ्या हातचं रिकामं कणीस

निवृत्तीनंतर परभणीत घर बांधून राहायला आलो, तेव्हापासून मला बाजारातून भाजी आणायला दोन तास लागतात. अंतर जेमतेम एक किलोमीटर. पण जिंतूर तालुक्यातल्या एका गावात तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला रस्त्यात अडवणारे फार असतात. ऑटोवाला थांबतो, मेडिकलवाला गल्ल्यावरून उठतो, रेल्वेतला एक जण तर हातातली बॅग खाली ठेवून भर स्टेशनवर पाया पडतो. गेल्या वर्षी दाढ काढायला गेलो, तर खुर्चीशेजारी उभा असलेला डॉक्टर म्हणाला, "सर, आता तोंड उघडा आणि मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलू नका. लई वर्षं वाट बघितली मी या दिवसाची." मला धड हसताही येईना.

हे सगळं मी मिरवतो. पाहुण्यांना सांगताना 'माझा विद्यार्थी' हे दोन शब्द जरा मोठ्यानंच म्हणतो. गंगाखेडकडे ऊसतोडणीचं यंत्र चालवणारा, ते शेतातच खोलून दुरुस्त करणारा तो माझा विद्यार्थी. बाळंतपणं करून करून गावोगावी मुलांच्या बारशाला बोलावली जाणारी ती नर्स माझी विद्यार्थिनी. आता, दाढ कशी काढायची हे काही मी शिकवलेलं नाही आणि यंत्राचा एक नटही मला कळत नाही. पण बायको हे म्हणाली की मी विषय बदलतो.

एका विद्यार्थिनीविषयी मात्र मी कधीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात ती आपण होऊन दारात आली. चाळिशीकडे झुकलेली बाई, चपलांना काळा चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कागद.

"सर, वळखलं का?"

नव्हतं ओळखलं. मग तिनं गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, आणि मी नको तितकं ओळखलं.

ती नववीत माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला की उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. विज्ञानात नापास, गणितात नापास. त्या गावात रिवाज असा होता की लेकराला शाळेत ठेवायचं की काढायचं, हे बाप घरात ठरवत नसे, सरांना विचारून ठरवत असे. तिचा बापही असाच दुपारी टोपी हातात घेऊन आला. "सर, पोरीला ठेवू का काढू? तुमी म्हणाल तसं." मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. घरी न्या." त्यानं वाकून नमस्कार केला आणि गेला. दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' या रकान्यात मी 'असमाधानकारक' असं लिहिलं आणि डबा खायला बसलो.

आता तोच दाखला तिनं माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला होता. माझा तो शब्द त्यावर स्पष्ट दिसत होता. मी चष्मा काढून पुसत बसलो. ती मात्र त्याबद्दल अवाक्षर न काढता आपलं काम सांगू लागली. लग्न करून ती परभणीला आली होती आणि सोळा वर्षं कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या शेतावर रोजंदारीनं काम करत होती.

"कायमची जागा निघायलीय सर. साहेब म्हणायलेत तूच पाह्यजे. पण दहावी लागती. अन् पुढच्या साली मी वयात बसत न्हाई. ह्या मार्चला झालं तर झालं, न्हाई तर जलमभर रोजंदारी." शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म तिनं भरायला घेतला होता. "बाकीचं मी करते वाचून. गणित अन् विज्ञान तुमी शिकवा."

परभणीत शिकवण्या काय कमी आहेत? मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तिथं लेकरं हसतेत."

नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. दर रविवारी दुपारी ती येऊ लागली. मी काही निवृत्तीनंतर मवाळ झालेला नव्हतो. रासायनिक समीकरणाचा तोल साधताना ती चौथ्यांदा चुकली, तेव्हा मी असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "अहो, तिची लेक कॉलेजात जाते," एवढंच म्हणून आत गेली. माझी विद्यार्थिनी खाली मान घालून खोडरबरनं खोडत होती. मला वाटलं, पुढच्या रविवारी येणार नाही. पण पुढच्या रविवारी ती पावणेदोनलाच फाटकात उभी होती.

मग एका रविवारी आनुवंशिकतेचा धडा आला. मी वहीत नेहमीचा चौकोन काढला. उंच आणि बुटका वाटाणा, पहिल्या पिढीत सगळे उंच, दुसऱ्या पिढीत तीन उंच आणि एक बुटका. मी समजावून सांगण्याची तयारी करत होतो, तोच ती म्हणाली, "हे तर आपल्या ज्वारीत बी हाय की सर."

"म्हणजे?"

"उंच अन् बुटकीचं लगीन लावलं की पहिल्या साली झाडून सगळी उंच येती. तीच पेरली की दुसऱ्या साली बुटकी पुन्ना निघती. चारात एक. कधी थोडं मागंपुढं व्हतंय, पण लय पेरली की बराबर चारात एक."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगतंय कोण? दरसाली मोजतो आमी."

तीस वर्षं मी तो चौकोन फळ्यावर काढला. आकृती ठळक असावी म्हणून रंगीत खडू वापरले. एकदाही ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पाहावं असं वाटलंही नव्हतं. या बाईनं सोळा वर्षं उन्हात उभं राहून ज्वारीचं एकेक ताट मोजलं होतं. मी वही मिटली आणि तिला म्हणालो, "मला दाखव."

डिसेंबरात तिनं मला शेतावर नेलं. दुपार उतरणीला लागली होती. ज्वारीच्या ओळींत सात-आठ पोरंपोरी हातात बारीक चिमटे घेऊन उभी होती. सगळी कृषीच्या वरच्या वर्गातली, उद्या शास्त्रज्ञ, अधिकारी होणारी. आणि ती त्यांच्यामधून फिरत होती. काम सांगायला सोपं आहे. उद्या सकाळी उमलणारी फुलं कणसावर ओळखायची, बाकीची कातरून टाकायची. राहिलेल्या प्रत्येक फुलातले तीन पुंकेसर चिमट्यानं काढून घ्यायचे, म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग मिळत नाही. वर कागदी पिशवी बांधायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग आणून त्यावर झटकायचा. फूल केवढं, तर तांदळाच्या दाण्याएवढं.

"तीन हायती, तीन," ती एका पोराला सांगत होती. "दोन काढून तिसरं ऱ्हायलं की सगळं वाया. अन् दाबू नको. फूल मरतंय." त्याचं चुकलं. तिनं दुसरं कणीस वाकवून पुन्हा दाखवलं. त्याचं पुन्हा चुकलं. तिनं तिसरं वाकवलं. आवाज तोच, चेहरा तोच. तिचे हात मात्र मी बघत राहिलो. विळ्यानं कापणी करून राठ झालेली ती बोटं फुलाला लागत होती की नाही हेच कळेना, पण चिमट्याच्या टोकाला दर वेळी तीन पिवळे ठिपके यायचे. त्यांचे साहेब मला म्हणाले, "मी सगळ्यांचं काम तपासतो. हिनं बांधलेली पिशवी उघडत नाही." माझ्या छातीत अभिमान दाटला, आणि लगेच लक्षात आलं की तो दाटायचा मला काडीचा अधिकार नाही.

तिनं मलाही चिमटा दिला. पुंकेसराची आकृती झोपेतही काढणारा माणूस मी. मला काय अवघड? तासाभरात एक कणीस उरकलं. सकाळी जाऊन पराग झटकला. तिथल्या पद्धतीप्रमाणे पिशवीला चिठ्ठी बांधली जाते आणि तीवर काम करणाऱ्याचं नाव असतं. तिनं माझं नाव लिहिलं, पुढे 'सर' लिहिलं.

तीन आठवड्यांनी पिशव्या उघडल्या. पोरांच्या कणसांवर दाणे धरले होते. कुणाचे दहा, कुणाचे तीस. माझ्या कणसावर एकही नव्हता. नुसती वाळलेली टरफलं. पोरं सभ्यपणे दुसरीकडे बघू लागली.

"पराग जुना असेल," मी म्हणालो.

"पराग चांगला व्हता सर. तुमचा हात जड पडला," ती म्हणाली. "पहिल्या येळी कुणाचंच येत न्हाई. तिकडं मागून पेरलेल्यात फुलोरा हाय अजून. चला, परत दाखवते."

आणि तिनं परत दाखवलं. मी फूल चिरडलं. तिनं पुन्हा दाखवलं. माझी कानशिलं तापली, मी स्वतःवरच चिडलो, आणि ती मात्र माझ्या कोपराखाली हात धरून सांगत होती, "सावकाश सर. घाई कामून?" त्या क्षणी मला राहवलं नाही. बांधावर टेकलो आणि म्हणालो, "तुझ्या वडलांना मी त्या दिवशी काय सांगितलं होतं, ते तुला माहीत आहे का?"

"माहीत हाय. मी खिडकीपाशीच हुबी व्हते."

मला तिच्याकडे बघवेना. ती चिमटा पदराला पुसत होती.

"तुमी खोटं न्हाई बोलले सर. मला खरंच येत न्हवतं तवा," ती म्हणाली. "पर तुमी एकदाच सांगायचे."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्यांना एकदा सांगून कळलं, ते सगळे माझे विद्यार्थी म्हणून मी गावभर मिरवत होतो. बाकीच्यांचा मी हिशेबच ठेवला नव्हता.

मार्चपर्यंतचे रविवार मग आम्ही दोघांनी घाम गाळून काढले. मी ओरडायचा थांबलो असं लिहिलं तर बायको हा कागद फाडून टाकेल. पण एक गणित आठदा सांगायला मात्र शिकलो. निकालाच्या दिवशी ती शेतावर होती; तिचा बैठक क्रमांक टाकून मीच शेजारच्याच्या मोबाइलवर बघितलं. विज्ञानात बहात्तर. गणितात अडतीस. अडतीसवरून मी बोट उचलेना, शेजाऱ्यानंच हसून सांगितलं, "सर, पास हाय, पास." मी तसाच ऑटो करून शेतावर गेलो. तिनं निकाल ऐकला, "बरं झालं," म्हणाली आणि हातातलं पोतं आधी नीट शिवून घेतलं. मग मात्र पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडली.

पावसाळ्यात तिची कायम नोकरीची ऑर्डर आली. त्यानंतरच्या रविवारी पावणेदोनला फाटक वाजलं. बघतो तर ती पुन्हा उभी, आणि मागे तिच्याच शेतावरच्या तीन बाया, दप्तरासारख्या पिशव्या कवटाळून, आत यायला बिचकत. मी दारापर्यंत पोचण्याआधी ती त्यांना बजावत होती, "सर वरडतेत लय. पर परत सांगतेत."

ओरडतात हे माझ्याबद्दल सगळेच म्हणत आलेत. दुसरं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दाराची कडी काढून मी त्यांना आत बोलावलं.