करणनं गाडी का सोडली

सहादूनाना ऑस्ट्रेलियाला कशाला गेले होते, हे मला विचारू नका, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलोय. कांगारू बघितलं का, फोटो काढले का, असं विचारणारे महाभागही आमच्या पुणतांब्यात आहेत. कानाखाली जाळ काढावा असं वाटतं एकेकाच्या. पण मनात ठेवून ठेवून आता माझंच डोकं फिरायला लागलंय, म्हणून लिहून काढतो.

सहादूनाना म्हणजे पाटकरी. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात, रोज पाटाच्या कडेनं पायपीट. पाटातून फुटणाऱ्या कुठल्या चारीला पाणी सोडायचं, कुणाची पाळी, टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं का नाही, सगळं तोंडपाठ. जमिनीकडं नुसतं बघून उतार सांगायचा माणूस. बोलायला मात्र कंजूष. त्यांना एकच मुलगा, करण. माझा विद्यार्थी, इंग्रजीत बरा, बाकी सगळ्यात उत्तम. शिकायला ॲडलेडला गेला, सोबत तीन घरं पलीकडचा अमृत. शिक्षण झाल्यावर दोघांनी एका ठेकेदाराकडं काम धरलं. लांब लांब वाळवंटात, डोंगरात जी मेंढ्यांची कुरणं आहेत, तिथल्या एकेकट्या घरांना सामान पोचवायचं.

अडीच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, कच्च्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचा ॲक्सल तुटला. फोनला रेंज नाही. अमृत गाडीपाशी थांबला, करण चालत निघाला. तिसऱ्या दिवशी शोधायला आलेल्या विमानाला गाडी दिसली आणि अमृत वाचला. करण सापडला आणखी दोन दिवसांनी, गाडीपासून अकरा किलोमीटरवर. कसा सापडला ते मी लिहिणार नाही.

गावानं निकाल लावून टाकला. अमृतनं पाणी स्वतःकडं ठेवलं आणि करणला उन्हात धाडलं. करणची आई भागिरथीबाई अमृतच्या दारात जाऊन त्याच्या आईला, जयमालाला, नाही नाही ते बोलून आली. जयमालाला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद झालं. अमृतचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि हे पोरगं फोनवर भागिरथीबाईंना एकच वाक्य बोलायचं, "काकू, माझी चूक झाली." दुसरं अक्षर नाही.

सहादूनानांनी एकच धोसरा लावला. करणनं गाडी का सोडली? "समोरासमोर इचारतो अमृतला. मास्तर, तुमी चला, मला विंग्रजी येत न्हाई." भागिरथीबाईंनी निघताना बजावलं, "त्याच्या थोबाडीत मारल्याबिगर येऊ नका."

अमृत ॲडलेडच्या विमानतळावर आला होता. वाकून पाया पडला, नानांनी पाय मागं घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याच्या गाडीतून उत्तरेला निघालो. आठ तास. नगर जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला माळरानाचं काय कौतुक, असं मी मनात म्हणत होतो. पण तो माळ वेगळाच. तांबडी जमीन, त्याच्यामागं उघडेबोडके डोंगर. विजेचा खांब नाही, देवळाचा कळस नाही, शेरडामागं बाई नाही. दोन तासांत माणूस म्हणून दिसला नाही.

"कुनाचं रान हाय ह्ये?" नाना पहिल्यांदा बोलले.

"एकाच माणसाचं, नाना. मघापासून त्याच्याच रानातून चाललोय."

पुढं कच्चा रस्ता फुटला. तिथं पाटी होती. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. मी वाचून दाखवली. नाना चिडले. "मंग? त्याला वाचता येत हुतं की! तुमीच शिकवलं ना?"

"शिकवलं होतं हो," मी म्हणालो.

आणखी तासाभरानं अमृतनं गाडी थांबवली. "इथं." रस्त्याला आडवा एक कोरडा ओढा होता. पात्र चांगलं रुंद, पांढरी वाळू, दोन्ही काठांना मोठमोठी झाडं. त्या उजाड मुलखात तेवढीच हिरवळ. तिकडं जुलैत हिवाळा, वारा गार होता, अंगात स्वेटर असून मी कुडकुडत होतो.

नाना उतरले. अमृतकडं बघितलंसुद्धा नाही. ओढ्यात उतरून वाळू हातात घेतली, झाडांच्या बुडख्यांना अडकलेला पाचोळा बघितला, वर बघितलं, खाली बघितलं. चौतीस वर्षांची सवय.

"पानी इकडं वाहतं," ते म्हणाले. "ह्याच्या खाली कोनतं गाव हाय?"

"गाव नाही, नाना."

"गाव न्हाई म्हंजे? मंग नदीला कुठं मिळतो?"

"मिळत नाही. पुढं वाळूतच जिरतो. त्याच्यापुढं नुसतं मिठाचं मैदान."

"येड्या, वढा असा कसा जिरंल?" नाना ओरडले. मग तरातरा अमृतपुढं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे अमृतला मारणार. मी मध्ये जायला निघालो. पण त्यांचा आवाज इतका बारीक आला की मला नीट ऐकूही येईना.

"अमृत, त्यानं माजं नाव घेतलं हुतं का?"

अमृत गाडीकडं वळला. नानांनी त्याचा दंड धरला.

"तुला तुज्या आईची शप्पत हाय."

तेव्हा ते पोरगं ढसाढसा रडायला लागलं. "मी हाताला धरलं होतं, नाना. पाटीवर लिहिलंय म्हणालो, हलायचं नाही. तर हसला. म्हणाला, ह्या पाट्या गोऱ्यांसाठी. नानांनी शिकवलंय मला, वाट चुकली की चारी धरायची, उतारानं चालत राहायचं, टेलला वस्ती असतीच. म्हणाला, एवढी झाडं आहेत म्हणजे खाली माणसं असणारच, संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर घेऊन येतो. पाण्याचा कॅन मलाच दिला. एक बाटली घेऊन गेला."

नाना वाळूत बसले. "नऊ वर्षाचा हुता," ते मला सांगायला लागले, जसं काही मी विचारलंच होतं. "उसात चुकला. सापडला तवा लई रडत हुता. तवा म्या शिकवलं त्याला. चारी कदी दगा देत न्हाई म्हनलं. धा येळा म्हनून घेतलं त्याच्याकडनं." मग हातानं वाळू बडवायला लागले. मला ते बघवेना. मी अमृतवरच खेकसलो, "दीड वर्ष तोंडाला कुलूप का घातलं होतंस, गाढवा?"

"काकूंना आता नानाच उरलेत ना, सर," तो म्हणाला.

त्या पोराच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. ठेवलं नाही. मास्तर ना मी!

परतीच्या विमानात नानांनी माझा हात धरला. "मास्तर, हिला सांगू नका."

"आणि अमृतचं काय? त्याच्या आईचं काय?"

"हिला कळलं तर ही माज्या हातचं पानी पिनार न्हाई. मला एकट्याला न्हाई ऱ्हाता येनार."

मी त्यांना भित्रा म्हणालो, स्वार्थी म्हणालो, पुढच्या सीटवरचा गोरा वळून बघेपर्यंत बोललो. नानांनी सगळं ऐकून घेतलं. हात मात्र सोडला नाही, आणि मी कबूल करून बसलो.

गावात आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नानांच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा जयमाला आली. दीड वर्षात पहिल्यांदा. ओट्याखालीच उभी राहिली.

"नाना, तुमी डोळ्यांनी बघून आला. माजं पोरगं काय सांगत न्हाई. तुमी एकदा सांगा, त्याची चूक हुती का? हुती म्हनला तर मी परत तोंड दावनार न्हाई."

नाना जमिनीकडं बघत राहिले. जयमालानं माझ्याकडं बघितलं. "सर, तुमी तर संगं हुता."

"प्रवासानं अंग आंबलंय," मी म्हणालो. "नंतर बोलू."

आवाज ऐकून भागिरथीबाई बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच. "काय सांगायचं ऱ्हायलंय आता? तुज्या लेकानं घात केला माज्या करणचा. अगं, ह्ये जर तिथं असते ना, तर माजं लेकरू आज जित्तं असतं. मिट्ट अंधारात वाट काढनारा मानूस हाय ह्यो. ह्यांनी दावली असती त्याला वाट!"

जयमाला पदर सावरून निघून गेली. भागिरथीबाईंनी आम्हा दोघांना चहा आणून दिला, आणि तो आम्ही प्यालो.