चांद, जठारपेठ
सुपरवायझर होतोस का, असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मला माझ्या जोडीदाराची काळजी लागली. साल एकोणसाठ असेल, नाहीतर साठ. अकोल्यात एका मोटार ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हमाल होतो. सकाळी अमरावतीहून ट्रक यायचा, आम्ही माल उतरवायचो आणि हातगाडीवर रचून दुकानोदुकानी पोचवायचो. एका गाडीला दोन माणसं. जोडी एकदा लागली की सहसा कोणी मोडत नसे.

माझा जोडीदार माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, अंजनगाव सुर्जीकडचा कुणबी. मी कामावर लागलो तेव्हा बाकीचे हमाल माझ्या लोट्याला हात लावत नसत. हा बाबा पहिल्याच दुपारी माझा लोटा उचलून गटागटा पाणी प्यायला आणि वर म्हणाला, गरम आहे लेका, उद्यापासून सावलीत ठेवत जा. बस्स, एवढंच. त्यावर पुढे कधी एक शब्द नाही. शहरातली एकेक गल्ली मला त्यानंच दाखवली.

त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याचं अडतही नव्हतं. प्रत्येक दुकानदाराची खूण पोत्यावर काळ्या शाईनं काढलेली असे. कोणाचा चांद, कोणाची घागर, कोणाची कैची. त्याला साऱ्या खुणा तोंडपाठ होत्या. मग त्याच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. त्यानं सांगितलं नाहीच, मीच ओळखलं. घागरीचं पोतं त्यानं कैचीवाल्याकडे उतरवलं तेव्हा. दुसऱ्या दिवसापासून पोतं उचललं की मी खूण आणि पेठ मोठ्यानं ओरडायचो, "चांद, जठारपेठ!" आणि तो बरोबर जागेवर रचायचा. लोकांना वाटे, ह्याला ओरडायची खोडच आहे. दोन वर्षं असं निभावलं. आपसात आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि आता ही सुपरवायझरकी! सुपरवायझरनं फाटकाशी खुर्चीवर यादी घेऊन बसायचं, गाडीबरोबर जायचं नाही. म्हणजे त्याला नवा जोडीदार मिळणार आणि पहिल्याच फेरीत सारं उघडं पडणार. मग ज्याच्यानं काम होत नाही त्याचं नाव साहेबांना कळवायचं कोणी? सुपरवायझरनं. म्हणजे मीच.

घरी बायको हरखून गेली होती. आम्ही बौद्ध झालो त्याला तीन-चार वर्षं झालेली, आणि आमच्या वस्तीतला एकही माणूस तोवर कंपनीच्या खुर्चीवर बसला नव्हता. मी अजून होकार दिला नाही हे कळल्यावर तिनं सरळ विचारलं, "पाठ मोडेपर्यंत ओझंच उचलत राहाल काय तुमी? काहून पन?" मी चिडलो. तुला काय समजतं, असं म्हणून जेवणावरून उठलो. त्याची आजही लाज वाटते. तिचं बरोबर होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला ती खुर्ची हवी होती. तीन दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर बसून पाहिलं.

चौथ्या दिवशी साहेबांना सांगितलं, मला नाही जमणार, लिहिण्यात मी कच्चा आहे. साफ खोटं. माझं अक्षर कंपनीतल्या कारकुनापेक्षा चांगलं होतं. साहेब म्हणाले, तुझी मर्जी, आणि त्यांनी दुसरा माणूस नेमला.

एवढं सगळं मी केलं, पण ज्याच्यासाठी केलं त्याला एकदा विचारलं नाही. त्याच संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परतताना त्यानं मधेच दांडी सोडली.

"माह्या डोळ्यापायी नाही म्हटलं ना तू?"

मी म्हणालो, तसं काही नाही.

"मले दिसत नाही, पन समजते सारं. आता तुह्या बायकोसमोर कोन्या तोंडानं उभा राहू मी? मले इचारलं असतं तर घरी बसलो असतो लेका. माहा जोडीदार खुर्चीवर बसला म्हनून गावभर सांगत फिरलो असतो."

मला राग आला. एवढं करून वर ऐकून घ्यायचं? मी एकटाच गाडी ओढायला लागलो. तो मागच्या फळीला धरून चालत राहिला. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

सकाळी तो आलाच नाही. आदल्या संध्याकाळी गाडी लावल्यावर साहेबांना स्वतःच्या तोंडानं डोळ्यांचं सांगून त्यानं काम सोडलं होतं आणि पहिल्या मोटारीनं गावी निघून गेला होता. खुर्ची गेली, आणि जिच्यापायी सोडली ती जोडीही गेली. बायकोला मी तेव्हा कुठे सारं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, त्यांना एकदा जेवायला तरी बोलवायचं होतं.

मला नवा जोडीदार मिळाला. धडधाकट, वाचता येणारा. पहिलं पोतं उचललं आणि माझ्या तोंडून निघालंच, "चांद, जठारपेठ!"

तो हसला. म्हणाला, "ओरडता कायले भाऊ? मले दिसते ना."

मी मान हलवली. दुसऱ्या पोत्यावर घागर होती. ती मी ओठातल्या ओठात म्हटली.