कारण लागत नाही

आमच्या बचत गटाची हजेरी मीच घेते, सचिव आहे म्हणून. बारा बायका, बारा नंबर. दर मंगळवारी संध्याकाळी जुईनगरच्या अंगणवाडीत चटई टाकून बसतो. सात नंबर 'हजर' म्हणते आणि माझी जीभ अडते. आठ नंबर वारून वर्ष होत आलं. वहीत तिच्या नावावर रेघ मारलीय, तीही मीच मारली. तरी मला तिचं 'हाय' ऐकू येतं. ती खाडीकाठच्या गावची, आमच्यासारखं 'हजर' कधी म्हणालीच नाही.

"पुढं चल गं," कुणीतरी म्हणतं. मी पुढं जाते.

गटाचा पूर्वी एक कायदा होता. कर्ज दहा हजारांपर्यंतच, आणि मागणारीने उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं. पोरीची फी, खोलीचं भाडं, काय असेल ते. मलाही एकदा सांगावं लागलं होतं, नवऱ्याची दारू सोडवायला त्याला केंद्रात ठेवायचंय म्हणून. अकरा जणींसमोर! त्यातल्या एकीचं ते "अगं बाई!" अजून माझ्या डोक्यात जातं. काय गरज होती? पैसे परतच करणार होते ना मी, भीक थोडीच मागत होते!

मग बँकेचे साहेब आले. वरचा नियम बदलला, म्हणाले, विनातारण कर्जाची मर्यादा वाढली, आता तुमच्या गटात एकीला पन्नास हजारांपर्यंत मिळेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी संधी सोडते होय? तिथल्या तिथे ठराव मांडला की मर्यादेबरोबर ती उभं राहायची पद्धतही बदला. फॉर्म भरायचा, कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहायचं, विषय संपला. आमच्यातल्या एक मावशी महापालिकेच्या इस्पितळात आया आहेत. त्या एकट्याच कुरकुरल्या, "अगं, विचारल्याशिवाय कळायचं कसं?" मी म्हटलं, "मावशी, कळायलाच कशाला हवं?" सगळ्या हसल्या आणि ठराव पास झाला.

पहिला अर्ज आठ नंबरचा. पुरते पन्नास हजार. बैठक संपल्यावर ती मागं राहिली, माझ्याबरोबर चटई गुंडाळायला. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. हळूच म्हणाली, "ताई, कारन सांगू?"

"नको गं बाई. आता कारण लागत नाही. तू फक्त सही कर."

पदर छातीशी घट्ट धरला होता तिने. "बरं," म्हणाली, सही केली आणि गेली. मला केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी! एका बाईची लाज राखली आपण, असंच वाटलं.

हप्ते ती वेळेवर भरत होती. वाळत चालली तेव्हा मीच चेष्टा केली, "काय गं, डाएट करतेस का? आम्हालाही सांग." ती हसली. मग एका मंगळवारी आली नाही, पुढच्याही नाही. मावशींना ती इस्पितळात दिसली, खाटेवर. छातीत गाठ होती. चिरफाड न करता गाठ विरघळवतो म्हणणाऱ्या कुणा वैदूला तिने ते पन्नास हजार मोजले होते. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. दिवाळीच्या आधी ती गेली.

तिच्या घरून परतताना मावशी रस्त्यातच रडायला लागल्या. "एक शब्द बोलली असती तर हाताला धरून नेली असती गं मी. मीच केसपेपर काढून दिला असता." मी त्यांची पाठ चोळत राहिले. ती मला सांगायला आली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तेव्हापासून चटई गुंडाळताना दुसरं टोक कुणी धरलं की अंगावर काटा येतो. सीवूड्सच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर मागून कुणी बाई "ताई" म्हणाली, तर मी चटकन "सांग, सांग" म्हणून बसले. तिला फक्त पुढं जायचं होतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ती विचारतेय, अजून विचारतेय, आणि मला त्याची भीती वाटते.

तिचे उरलेले हप्ते तिची पोरगी भरते, रबाळ्याच्या कंपनीत पॅकिंग करून. गेल्या मंगळवारी मी अर्ज केला, नेमक्या त्या उरलेल्या रकमेचा. फॉर्म दिला आणि उभी राहिले.

"बस की," आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "कारण लागत नाही आता. तूच तर ठराव आणलास."

"मला लागतंय," मी म्हटलं. "आठ नंबरचं कर्ज मी फेडणार आहे. ती कारण सांगायला आली होती. माझ्याकडे. मी तिला नको म्हटलं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी तशीच उभी, बसावं की जावं कळेना.

तेवढ्यात बारा नंबर उठली. आमच्यात सगळ्यांत धाकटी, लग्नाला दीड वर्ष झालेली, गेल्याच महिन्यात चाळीस हजार घेतलेली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी पण सांगू? माझ्या पैशांचं कारण?"

मी पेन खाली ठेवलं. "सांग," म्हटलं.