अण्णानं दिलेली माती

बसू, इकडं कान दे बरं. पुण्यात असलास तरी आत्याचं ऐकावं लागतं. तुझा बाप, माझा अण्णा, गेला म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण उदगीरच्या चौकात तू लावलेल्या त्याच्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर रणगाडा काय, 'शत्रूचा कर्दनकाळ' काय! अरे, कुणाला विचारलंस? आजच उतरवायला सांग तो.

दीड महिना झाला. वैनीचा फोन आला, "वन्स, हे दुपारचे झोपले ते उठेनात..." रडायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "झोपेत गेला ना? बरं झालं." वैनीला ते कठोर वाटलं असंल. कारण सांगते.

एकाहत्तरच्या लढाईत अण्णाला नुकतं मिसरूड फुटलेलं. चकमक संपल्यावर साहेबानं पलीकडच्या मेलेल्या जवानांना माती द्यायला सांगितलं. अण्णाच्या वाट्याला एक आला, त्याच्याच वयाचा. कुणाच्या गोळीनं गेला, देव जाणे. "माझ्याबी असंल," अण्णा म्हणायचा. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, अन् अण्णानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. त्यानं चौकोनी खड्डा खणला, त्या पोराला मांडी घालून बसवलं, आईनं दिलेली विभूती त्याच्या कपाळाला लावली अन् माती लोटली. आपल्या माणसासारखं करावं, एवढंच मनात.

काही वर्षांनी शेजारच्या हमीदभाई शिंप्यांचे वडील वारले. अण्णा कब्रस्तानात गेला. तिथं माणसाला निजवतात, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. घरी आला तो जेवलाच न्हाई. तेव्हापासून त्याची झोप उडाली ती उडालीच. मला सांगितलं कधी, तर गेल्या दिवाळीत! "जीव घेतला तो घेतला गंगे, वर त्याचा धर्मबी बुडवला."

मी विचारलं, "मग ती लढाईच चुकीची होती का रे?"

"न्हाई. तिकडं बाया-लेकरं जीव घेऊन पळत होती. कुणीतरी अडवायलाच पाहिजे होतं. बोलावलं तर पुन्हा जाईन. पण लढाई खरी होती म्हणून तो पोरगा माझा वैरी होत न्हाई. मांडी घालताना त्याचा गुडघा अजून गरम होता."

टीव्हीवर लढाई-लढाई करून नाचणाऱ्यांच्या हाताला तो गुडघा एकदा लागावा, असं लई वाटतं मला.

"मग हमीदभाईंनाच विचार की!" मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं?"

"माझ्या!" चहाला बोलावलं अन् सगळं सांगून टाकलं. अण्णा खाली मान घालून बसलेला. हमीदभाईंनी बशी खाली ठेवली अन् म्हणाले, "अण्णा, दुश्मन कू लोगां वैसेच छोड के जाते. तुम मिट्टी दिए. अल्ला नीयत देखता." अन् डोळे पुसत, "बिठाए तो बिठाए! कयामत के दिन सबसे पैले वोइच उठेंगा!"

अण्णाला हसता हसता ठसका लागला. वैनी पाणी घेऊन धावली. त्या दुपारी असा घोरला बाबा, गल्लीला ऐकू जावं! पुढं चार महिने पोटभर झोपला.

त्याला समाधीत बसवलं तेव्हा तू रडत होतास, तुझं लक्ष नव्हतं. हमीदभाईंनी मूठभर माती टाकली अन् हळूच म्हणाले, "आराम से, अण्णा."

आता ये लवकर, लेकरांना घेऊन ये. ओसरीवरची अण्णाची बाज मी कुणाला हलवू दिली न्हाई. जेवण झालं की तिच्यावर जरा आडवा हो. वारा लई चांगला येतो तिथं.