चहाच्या कपाटावरचं चुंबक

माझी लेक शहराच्या एका टोकाला, मांजरीला राहते आणि मी दुसऱ्या टोकाला, कर्वेनगरात. लोक म्हणतात, एकाच शहरात तर आहात! ज्यांनी हे अंतर सकाळच्या गर्दीत कधी कापलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. हे गेल्यापासून ती रोज सकाळी साडेसातला फोन करायची. "आई, चहा झाला?" "झाला." मग दोन मिनिटं कामवाली, भाजी, नातवाचा खोकला. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एकदा मी फोन घरी विसरून भाजी आणायला गेले आणि वाटेत मैत्रिणीकडे दोन तास गप्पा मारत बसले. परतले तर लेक दारात, रडवेली, आणि शेजारीणबाई माझी जादा किल्ली शोधतायत. त्याच दिवशी तिने कॅमेऱ्याचा विषय काढला.

"घरात कॅमेरा? मी काय सराफाचं दुकान आहे?"

"मग तूच सांग काय बसवायचं. आयुष्यभर हेच शिकवलंस ना!"

शिकवलं होतं खरं. तंत्रनिकेतनात सेन्सर शिकवताना माझी पहिली ओळ ठरलेली असे: काय जाणून घ्यायचंय ते आधी कागदावर लिहा, वस्तू नंतर निवडा. दुसरीही ठरलेली: रीडिंग विचित्र आलं तर आधी सेन्सरवर संशय घ्या, मग यंत्रावर. लेक या दोन ओळी ऐकतच मोठी झाली आणि त्याच विषयात इंजिनिअर झाली.

मी कागद घेतला आणि लिहिलं, 'आई उठली का?' मग एकेकाला बाद करत गेले. हालचाल ओळखणारा सेन्सर नको. खिडकीतून ऊन आलं, पडदा हलला, तरी फसतो. गादीखाली वजनाची पट्टी नको. मी न्हाणीघरात पडले असले तरी तिच्या लेखी मी उठलेलीच. शेवटी चहासाखरेच्या कपाटाच्या दाराला बोटभर चुंबक लावलं आणि चौकटीला छोटा स्विच. दार उघडलं की चुंबक दूर जाणार आणि मांजरीला खबर पोचणार. कामवाली येते दहाला. त्याआधी ते कपाट माझ्याशिवाय कोण उघडणार?

खबर पोचल्यावर तिकडे काय व्हावं, हेही मीच ठरवलं. बझर नको, नातू झोपलेला असतो. मोबाइलवर मेसेज नको, ढिगात हरवेल. म्हणून तिच्या गॅसजवळ एक हिरवा दिवा. सकाळी एकदा लागला की दिवसभर तसाच राहणार, म्हणजे तिने कधीही पाहिलं तरी कळावं. कुणाला त्रास नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पहिले चार दिवस फोन आला. "लागला हं आई दिवा!" मग एक दिवसाआड आला. मग फक्त रविवारी. तिची काय चूक? तिला विचारायचं होतं त्याचं उत्तर सकाळीच तिच्या ओट्यावर तयार असायचं.

साडेसात वाजले की मी मात्र फोनकडे बघत बसायचे. कधी उगाच कपाट उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. तिकडे काहीच होत नसे, कारण दिवा आधीच लागलेला. तो तसा मीच बनवला होता. मला फार एकटं वाटायचं. चहा झाला का, एवढं विचारायला कुणी नाही म्हणून रडू यायचं, आणि त्या रडण्याचा रागही यायचा. कागदावर मी तिचा प्रश्न लिहिला होता. मला काय हवंय ते लिहिलंच नव्हतं.

मग एका मंगळवारी मी एक लबाडी केली. उठले, दात घासले, आणि कपाटाला हात लावला नाही. बिनचहाची, फोन पुढ्यात घेऊन टेबलाशी बसले. साडेसात झाले. आठ झाले. डोकं दुखायला लागलं. लेकीला घाबरवायला निघालेली आई म्हणून स्वतःची लाजही वाटली, पण उठले नाही. साडेआठला फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, अगं सेन्सरची बॅटरी गेलीये का? आज दिवा लागला नाही."

मी बंद कपाटाकडे पाहिलं.

"आधी सेन्सर बघायचा, तुझंच वाक्य," ती हसली. "बघतेस जरा?"

"बघते," म्हटलं. उठले आणि कपाटाचं दार उघडलं.

"लागला, लागला! चल, ठेवते, मीटिंग आहे."

वर्गात असती तर मी तिला पूर्ण मार्क दिले असते. मी कपाटातून डबा काढला आणि एक कप पाणी गॅसवर ठेवलं.

चहा झाला का, हे विचारायचं ती विसरली होती.